कावळा, फांदी आणि फटफटी

मराठी भाषेने ‘दोष’ या एका शब्दामागे केवढा मोठा संसार लावून दिला आहे! आपण दोष देतो, दोष लावतो, दोष काढतो, दोष शोधतो, दोष झाकतो आणि मन मोठे असले तर कधी कधी पोटातही घालतो. यांतले प्रत्येक क्रियापद निराळे आहे. परंतु बोलण्याच्या ओघात एकाचे काम आपण खुशाल दुसऱ्याकडून करवून घेतो. त्यातल्या त्यात ‘दोष काढणे’ हा प्रयोग मोठा फसवा. सासूबाई सुनेच्या पुरणपोळीत दोष काढतात तेव्हा पोळीतला दोष काही निघून जात नाही. उलट होता त्याहून मोठा होऊन तो सगळ्यांच्या ताटात येऊन बसतो. याउलट एखादा जाणता मिस्त्री इंजिनातला दोष काढतो तेव्हा तो खरोखरच बाहेर येतो, फडक्यावर ठेवून चार लोकांना दाखवता येतो आणि मग फेकूनही देता येतो. शब्द तोच, पण एका काढण्याने दोष वाढतो आणि दुसऱ्याने तो जातो.

या दोन प्रकारच्या काढण्यांत केवळ कौशल्याचा फरक आहे की नीतीचाही, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावीत आहे. आणि तो सुचला एका जुन्या फटफटीमुळे. फटफटी हा शब्द आता मागे पडला. तरुण मंडळी ‘बाईक’ म्हणतात. पण मला तो जुना शब्द आवडतो, कारण ज्याने तो प्रथम उच्चारला त्याने डोळ्यांनी नव्हे, कानांनी त्या वाहनाचे बारसे केले. आणि फटफटीचे दुखणे ओळखण्याचा पहिला मार्गही कानातूनच जातो.

ज्यांचा या यंत्राशी फक्त मागच्या सीटवर बसण्यापुरता संबंध आला असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एका सिलिंडरच्या चार फेऱ्यांच्या इंजिनात चाकदांडा दोनदा फिरतो तेव्हा एकदा स्फोट होतो. गाडी जागेवर उभी राहून मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर त्या मिनिटात पाचशे स्फोट होतात. म्हणजे सेकंदाला आठांहून थोडे अधिक. इतक्या झपाट्याने चाललेल्या या भजनात एक टाळी जरी चुकली तरी कानाला ती तत्काळ कळते. मिस्त्रीलोक याला ‘मिसिंग’ म्हणतात. गाडी मिसिंग करते, फुटते, खोकते, धक्के मारते: शब्द अनेक, तक्रार एकच.

तक्रार एकच असली तरी कारण मात्र एक नसते, आणि सगळी गंमत तिथेच आहे. त्या स्फोटाला लागते काय? हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. आणि हे चारही वेळेवर. हवा व पेट्रोल यांचेही प्रमाण ठरलेले: एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा. यांतले कोणतेही एक बिघडले तरी फटफटी खोकते, आणि खोकला बहुधा सारखाच ऐकू येतो. कार्ब्युरेटरमधल्या सुईच्या अग्राएवढ्या छिद्रात कचरा बसला तरी ती खोकते. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर जाऊन भलतीच हवा आत शिरली तरी खोकते. ठिणगी दुबळी झाली तरी खोकते. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी एक बारीक भोक असते. ते बुजले तर गाडी दहा-पंधरा मिनिटे गुण्यागोविंदाने चालते आणि मग मरगळून बंद पडते. कारण टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल खाली उतरायचे थांबते. मालक बिचारा सारे इंजिन उलगडून बसतो आणि दोष असतो झाकणात! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

आपल्या जुन्या वैद्यांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. ‘माधवनिदान’ हा ग्रंथ हजार वर्षांहून जुना. रोग ओळखण्याची पाच साधने आयुर्वेदाने सांगितली आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांतला ‘उपशय’ मला विशेष आवडतो. रोगाचे लक्षण गूढ असेल, दोन रोगांची चिन्हे एकमेकांत मिसळली असतील, तर थोडासा उपचार करून पाहावा. त्याने बरे वाटते की अधिक बिघडते यावरून रोग ओळखावा. म्हणजे उपचार हाच प्रश्न, आणि शरीराने दिलेला प्रतिसाद हे उत्तर. गाडी दुरुस्त करणारा शहाणा माणूस दुसरे काय करतो? तो एक गोष्ट बदलतो आणि कान देऊन ऐकतो.

एक गोष्ट, दोन नव्हेत. नियम एवढासाच आहे, पण पाळायला महाकठीण. प्लग, पॉइंट आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू या तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर गाडी बरी झाली. परंतु आपल्याला कळले काहीच नाही. तिघांपैकी दोघे निर्दोष होते आणि त्यांनाही भंगारात जावे लागले. कुणी म्हणेल, ‘यंत्राच्या सुट्या भागांना कसला आला न्याय आणि अन्याय? गाडी चालली ना? मग झाले!’ बाजारातला मिस्त्री हेच म्हणतो, आणि त्याच्या जागी त्याचे बरोबर आहे. त्याच्या दारात सात गाड्या उभ्या असतात. संध्याकाळपर्यंत सगळ्या द्यायच्या असतात. गिऱ्हाईक त्याच्याकडे चालती गाडी मागते, सत्य मागत नाही. सावकाश, एकेक भाग तपासीत सत्यापर्यंत जाण्याची चैन ज्याला घाई नाही त्यालाच परवडते. म्हणजे घरच्या अंगणात, सुट्टीच्या दिवशी, चहाचा कप बाजूला ठेवून बसलेल्या माणसाला.

पण ‘गाडी चालली, मग झाले’ हे तत्त्व कुठवर पुरते? कारण न कळता गोष्ट सुधारली तर काय बिघडले? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते आमच्याच घरी मिळाले.

आमचे थोरले बंधू सांगलीला असतात. वडिलांनी १९८४ साली घेतलेली साडेतीनशे सी.सी.ची फटफटी त्यांनी जिवापाड जपली आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हाची ही हकीगत. मे महिन्याच्या अखेरीस तो ती गाडी घेऊन मित्रांबरोबर रत्नागिरीला गेला. बापाची परवानगी होती, पण ती आईने मिळवून दिलेली; म्हणजे अर्धीच. तीन दिवसांनी पोरगा परत आला आणि गाडी खोकू लागली. दादाने ती बाजारात दाखवली. तिथे कुणीतरी दोन किका मारून, कान लावून निकाल दिला: ‘पोरानं घाटात ताणलीय. इंजिन उघडावं लागेल, बोअर करावा लागेल.’ वडिलांच्या हातची गाडी उघडायला दादाचे मन होईना. त्याने तिच्यावर कापड टाकले आणि ती पडवीत लावून ठेवली. त्या दिवसापासून बाप-लेकांमध्येही एक कापड पडले. भांडण असे काही नव्हते. जेवायला दोघे एकाच पंगतीला बसत, ‘मीठ दे’ म्हणत. पण गाडीची किल्ली दादाच्या कपाटात गेली आणि पोराचे घरातले बोलणे निम्म्यावर आले.

दिवाळीला आम्ही सगळे सांगलीला जमलो तोवर या गोष्टीला पाच महिने झाले होते. वसुबारसेच्या दुपारी दादानेच कापड काढले. ‘बघू तरी,’ एवढेच तो म्हणाला. मी आणि माझे मेहुणे पाने घेऊन बसलो. पुतण्या टॉर्च धरून उभा राहिला, कारण कुणीतरी धरायलाच हवा होता.

गाडीच्या बाबतीत आम्ही तिघेही आदर्श न्यायाधीश होतो. आधी स्वस्तातली तपासणी, मग महागाची. आधी बाहेरची, मग आतली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जिच्यातून परत फिरता येते ती तपासणी आधी, जिच्यातून परत फिरता येत नाही ती शेवटी. इंजिन उघडणे म्हणूनच सर्वांत शेवटी. पाच महिन्यांचे जुने पेट्रोल प्रथम काढून टाकले. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. ताजे पेट्रोल भरले. किक दाबताना पायाला चांगला जोर लागत होता, म्हणजे दाब शाबूत होता. धूर निळा नव्हता, म्हणजे आत तेल जळत नव्हते. बोअरचा आरोप तिथेच लटका पडला; पण आरोप लटका पडला म्हणून आरोपी सुटतो असे थोडेच आहे!

अंगणात गाडी चालू ठेवली. पहिली दहा-पंधरा मिनिटे उत्तम. मग खोकला सुरू. टाकीचे झाकण उघडून पाहिले: फरक नाही. झाकण सुटले. नळी काढून बाटलीत पेट्रोल सोडले: धार अखंड. कॉक आणि नळी सुटली. कार्ब्युरेटरच्या रबरी सांध्यावर पाणी फवारले. चीर असती तर आवाज बदलला असता. तो बदलला नाही. रबर सुटले. हवेचा फिल्टर स्वच्छ. मग प्लग काढला आणि आम्ही सगळे एकदम ‘अरे वा!’ म्हणालो. निरोगी प्लगचे टोक बिस्किटासारखे तांबूस असते. हा काजळीने काळाठिक्कर झाला होता. चोर सापडला! नवा प्लग घातला. गाडी अशी चालली की दादाच्या चेहऱ्यावर पाच महिन्यांनी हसू आले. धनत्रयोदशी छान गेली. नरकचतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नान आटोपून दादा गणपतीला जाऊन आला आणि गाडी पुन्हा खोकत खोकत दारात शिरली. प्लग काढून पाहिला तर नवा प्लगही काळा! चोर सोडून आम्ही संन्याशाला सुळी दिली होती.

पुन्हा पाने निघाले, पुन्हा तर्क सुरू झाले. मेहुणे कार्ब्युरेटरवर आले, दादा पुन्हा ‘ताणल्या’वर आला. इतक्यात वहिनी चिवड्याच्या बशा घेऊन बाहेर आल्या. घटकाभर आमचे ऐकले आणि म्हणाल्या, “अहो, त्यालाच विचारा ना एकदा. गाडीवर तो बसला होता, तुम्ही नव्हे.”

टॉर्च धरणाऱ्या मुलाकडे सगळ्यांनी पाहिले. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग सांगू लागला. रत्नागिरीहून निघताना गाडी ठीक होती. साखरप्याच्या पुढे आंबा घाटाचा चढ लागला, इंजिन तापले आणि फुटायला लागले. वर अर्धा तास थांबला, गाडी निवली, मग मलकापूरपर्यंत अवाक्षर नाही. जातानाही कोल्हापूर सोडल्यावर एकदा असेच झाले होते. आणि शेवटी, अगदी हळू आवाजात: “बाबा, त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही मिरजेहून आलात तेव्हा म्हणाला होतात, गाडी खोकल्यासारखी करते आहे म्हणून.”

दादाने चष्मा काढून पुसला. “मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“विचारलं कुठे कुणी? आणि मी सांगितलं असतं तर ती सबब वाटली असती.”

गाडीचे सगळे रहस्य त्या साक्षीत होते. तापल्यावर बिघडते, निवल्यावर सुधारते: म्हणजे कचरा नव्हे, चीर नव्हे, कचरा काही गाडी निवल्यावर बाजूला सरत नाही. उष्णतेने दुबळे होणारी वस्तू विजेच्या वाटेवर शोधायला हवी होती. पॉइंटचे झाकण काढले, गाडी तापू दिली आणि नीट दिसावे म्हणून घटकाभर आकाशकंदीलही मालवला. त्या अंधारात पॉइंटच्या दोन टोकांमध्ये निळ्या ठिणग्यांची जणू फुलबाजी लागली होती. तिथे इतका लखलखाट असता कामा नये. तो थोपवून धरण्यासाठी पॉइंटच्या शेजारी कंडेन्सर नावाची बोटाच्या पेराएवढी डबी असते. ती निकामी झाली की पॉइंट जळतात, प्लगची ठिणगी दुबळी होते, पेट्रोल अर्धवट जळते आणि प्लगवर काजळी धरते. नवा स्वच्छ प्लग दुबळ्या ठिणगीवरही दीड दिवस तग धरतो आणि आपल्याला वाटते, चोर सापडला. ही डबी मिळाली दोन मसाला डोशांच्या किमतीत. एक स्क्रू काढला, नवी बसवली, जुने पॉइंट घासून साफ केले. गाडी तासभर चालली. एक टाळी चुकली नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुतण्या पुढे झाला आणि नवा कंडेन्सर काढू लागला. “आता कशाला पुन्हा बिघडवतोस?” दादा ओरडला. “चालली ना?”

“मला बघायचंय, बाबा,” तो म्हणाला.

त्याने साफ केलेले पॉइंट तसेच ठेवले आणि फक्त तो जुना कंडेन्सर परत बसवला. पंधरा मिनिटांनी गाडी खोकू लागली. पुन्हा नवा बसवला, खोकला गेला. आपले नैयायिक ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, ते त्या मुलाने पुस्तक न उघडता केले: कारण असले की कार्य असते, आणि कारण नसले की कार्य नसते. आम्हा सर्वांना गाडी चालायला हवी होती. ती चालल्यावर आमचा रस संपला. पुढची परीक्षा घ्यावीशी वाटली ती एकट्या त्यालाच, कारण कारण न कळण्याची किंमत त्या घरात त्याने एकट्याने मोजली होती.

‘गाडी चालली, मग झाले’ या तत्त्वाचे उत्तर मला त्या रात्री असे मिळाले. कारण शोधायचे ते केवळ दुरुस्तीसाठी नव्हे. दुरुस्ती पुष्कळदा कारण न कळताही होते. काळ जातो, नवे भाग पडतात, माणसे विसरतात आणि घर पुन्हा चालू लागते. परंतु मधल्या काळात ज्याच्यावर बोट ठेवले गेले त्याच्यावरून ते आपोआप उचलले जात नाही. ‘तेव्हा पोराने गाडी ताणली होती’ हे वाक्य त्या घरात पुढची तीस वर्षे, त्याच्या लग्नातसुद्धा, हसत हसत सांगितले गेले असते. त्याची मुक्तता चालत्या गाडीने झाली नसती. ती झाली त्या जुन्या कंडेन्सरच्या खोकल्याने.

‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ ही म्हण आपण कावळ्याची कीव करण्यासाठी वापरतो. पण कावळ्याविषयी आणखी एक गोष्ट ती म्हण सांगत नाही: फांदी मोडली त्या क्षणी फांदीच्या सर्वांत जवळ तोच होता. ती आधी कुरकुरली का, बुडाशी मोडली की शेंड्याशी, हे आणखी कुणाला ठाऊक असणार? ज्याच्यावर आपण आळ घेतो तोच पुष्कळदा एकमेव साक्षीदार असतो; आणि आळ घेतला रे घेतला की त्याची साक्ष सबब होऊन बसते. म्हणून घाईने दोष देणे हे केवळ निर्दयपणाचे नाही. ते सत्याच्या दृष्टीनेही घातक आहे. ज्या तोंडातून उत्तर यायचे तेच तोंड आपण बंद करतो आणि मग पाच महिने पाने घेऊन उत्तर शोधीत बसतो.

हा शहाणपणा जगाने काही ठिकाणी मोठी किंमत देऊन मिळवला आहे. विमान पडते तेव्हा शेकडो घरे उद्ध्वस्त होतात, आणि कुणाला तरी फासावर लटकवावे असे सगळ्यांनाच वाटते. तरीही १९४४ च्या शिकागो कराराला जोडलेले, १९५१ साली प्रथम स्वीकारले गेलेले तेरावे परिशिष्ट स्पष्ट बजावते की, अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे. दोष किंवा जबाबदारी वाटून देणे हा नाही. १९७६ साली अमेरिकेने आणखी एक पाऊल टाकले. वैमानिकांनी आपल्या हातून झालेल्या चुका गुप्तपणे कळवाव्यात अशी सोय तिथे केली गेली. ते काम सोपवले ‘नासा’कडे, शिक्षा देणाऱ्या खात्याकडे नव्हे. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याला तिथे माफी नाही. पण नजरचुकीने झालेले आणि मनावर घेऊन सांगितलेले तिथे ऐकून घेतले जाते. आकाशातला प्रवास आज इतका निर्धोक झाला आहे त्यामागे अनेक कारणे आहेत. त्यांत बोलणाऱ्याला बोलू देण्याचा हा साधा विचारही आहे.

नव्या गाड्यांना आता हा खटाटोप उरला नाही असे कुणाला वाटेल. एप्रिल २०२० पासून देशात प्रदूषणाचे नवे मानक आले. नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर बहुतेक गेला. पेट्रोल किती सोडायचे हे संगणक ठरवतो, आणि बिघाड झाला की दिवा लावून एक आकडाही देतो. परंतु तो आकडा दोषाचा नसतो, तक्रारीचा असतो. ‘मिश्रणात हवा जास्त होते आहे’ असे धुराच्या वाटेवर बसवलेला एक संवेदक कळवतो. लोक काय करतात? तो संवेदकच बदलून टाकतात! त्या बिचाऱ्याने फक्त खबर आणलेली असते. हवा शिरत असते कुठल्यातरी फाटक्या रबरातून. यंत्र कितीही हुशार झाले तरी खबर आणणाऱ्यालाच सुळी देण्याची माणसाची खोड त्याला काढता आलेली नाही.

एक चमत्कारिक विसंगती मला यात दिसते. इंजिनाला काही विचारता येत नाही, म्हणून आपण त्याच्याजवळ बसून तासन् तास ऐकतो. माणसाला विचारता येते, आणि तरी आपण विचारीत नाही. इंजिनाचा प्रत्येक भाग सिद्ध होईपर्यंत निर्दोष, हे आम्ही त्या अंगणात न सांगता पाळले. टाकीच्या झाकणालाही आम्ही संधी दिली. मुलाला मात्र दोन किकांमध्ये निकाल मिळाला होता.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी आणि पुतण्या पायरीवर बसलो होतो. मी त्याला म्हटले, “चला, तुझ्यावरचा डाग तरी गेला.” तो हसला नाही. म्हणाला, “काका, कंडेन्सर निघाला म्हणून मी सुटलो. पण खरंच मीच बिघडवली असती, तर?”

मी त्याला त्या वेळी काही उत्तर दिले नाही, आणि तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. निर्दोष माणसाला सोडणे हा न्यायाचा सोपा भाग आहे. त्यात सोडणाऱ्यालाही मोठेपणा मिळतो. पण समजा, चूक त्याचीच असती. घाटात त्याने गाडी खरोखरच अवाजवी ताणली असती आणि इंजिन खरोखरच उघडावे लागले असते. मग ते पाच महिन्यांचे मौन योग्य ठरले असते काय? त्या मौनाने बोअर दुरुस्त झाला नसता. पुढच्या खेपेला चढावर गाडी कशी चालवावी हे त्याला समजले नसते. फार तर तो पुढच्या वेळी घडलेले लपवायला शिकला असता. आणि लपवलेला बिघाड सर्वांत महाग पडतो हे कुठलाही मिस्त्री सांगेल.

मग चूक करणाऱ्याला मोकळेच सोडायचे का? तसे मुळीच नाही. आपल्याकडे त्यासाठी एक सुंदर शब्द आहे: जबाबदारी. फारसीतून आलेला, पण आता पक्का मराठी झालेला. जबाब म्हणजे उत्तर. जो जबाब देतो तो जबाबदार. तेव्हा कुणाला जबाबदार धरायचे असेल तर प्रथम त्याचा जबाब घ्यावा लागतो, आणि जबाब हवा असेल तर आधी प्रश्न विचारावा लागतो. तोही उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून. त्या मुलाचीच चूक असती तर त्याने ती सांगायची होती, आणि बापाशेजारी बसून, हात काळे करून ते इंजिन उघडायचे होते. दोष देण्यात दोघे लांब जातात. जबाब घेण्यात दोघांना एका पाटावर बसावे लागते. कठीण आहे, पण गाडीही त्यानेच चालते.

दिवाळीच्या चार दिवसांत पांगलेली माणसे एका छपराखाली येतात. फराळाच्या ताटाभोवती हसणे-खिदळणे चालते, आणि त्यातच कुणीतरी एक जण थोडा बाजूला, नुसता टॉर्च धरल्यासारखा उभा असतो. त्याच्यावर कसला तरी जुना आळ असतो. कधी खरा, कधी खोटा. घर चालू आहे म्हणून त्याची चौकशी करण्याचे कुणाला सुचत नाही. अशा माणसाजवळ जाऊन ‘त्या वेळी नक्की काय झालं होतं रे?’ एवढे विचारायला पाना लागत नाही, की स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. विचारल्यावर मात्र मध्ये न बोलता ऐकावे लागते. इंजिनाचे ऐकतो तसे.